ब्लॉक कुणी घेतलाय?

मळवलीला राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीतला बल्ब गेला. दुकानातून नवा आणला, स्टुलावर चढले, हात वर केला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ब्लॉक कुणी घेतलाय?"

दारात घरमालक उभे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरा लेंगा, वर धुऊन धुऊन रंग उडालेला खाकी शर्ट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. वय सत्तरीच्या पुढे. मी बल्ब बदलत नसून विहिरीत उडी मारते आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"बटण बंद केलंय की," मी म्हटलं.

"बटण बंद हाय म्हंजी उजेड बंद हाय. करंट बंद हाय असं कुणी सांगितलं तुमाला? उतरा खाली."

मी उतरले. नवी भाडेकरू दुसरं काय करणार? आबांनी मला खाली पडवीत नेलं. तिथे भिंतीवर लोखंडी पेटीतला जुना मेन स्विच होता, बाजूला खिळ्याला एक फुलस्केप वही टांगलेली. स्वयंपाकघरातून मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हात पुसत आल्या. त्यांच्या खांद्यावर जुन्या ब्लाउजपीसचा लाल तुकडा होता. त्या काही न विचारता मेनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आबांनी वहीत लिहिलं, "वरची खोली. बल्ब बदलणे. नग एक. काम करणार : बाई." मग मावशींनी दांडा खाली ओढला, लाल फडकं त्याला बांधलं आणि एका कागदावर बघून मला म्हणाल्या, "बेचाळीस. ध्यानात ठेव पोरी. काम झाल्यावर तूच येऊन हा नंबर सांगायचा, मग मी लाईट चालू करनार. दुसऱ्या कुणी सांगितला तर न्हाई."

मी बेचाळीस, बेचाळीस घोकत जिना चढले. बल्ब बसायला दहा सेकंद लागले. बाकी सगळं धरून पंचवीस मिनिटं.

आबा रेल्वेत होते. गाड्यांच्या डोक्यावरून जी विजेची तार जाते, तिच्या खात्यात त्यांनी सदतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक घाटात. त्या तारेला हात लावायचा तर आधी तेवढ्या पट्ट्यातली वीज बंद करून घ्यायची, त्याला ते ब्लॉक घेणं म्हणत. ज्याने ब्लॉक घेतला त्यानेच माणसं आणि हत्यारं बाजूला झाल्याचं कळवायचं, तेही ठरलेला गुप्त नंबर देऊन. तोपर्यंत तार मेलेलीच राहणार, मग मागे गाड्यांची रांग लागली तरी चालेल. रेल्वेत ही भानगड याहून पुष्कळ मोठी असते म्हणे. आबांनी तिची घरगुती आवृत्ती काढली होती आणि निवृत्त झाल्यावर ती जास्तच कडक केली होती.

मी गणित शिकवते, त्यामुळे त्यांच्या नंबरांच्या कागदात मला साहजिकच रस होता. आबा तो दर महिन्याला स्वतः बनवत. दोन आकडी संख्या, उलटसुलट, वापरली की काट. एकदा मी विचारलं, "आबा, यात काही क्रम आहे का?" त्यांना ते फार लागलं. "क्रम असला म्हंजी कुणीपण वळखंल की, मास्तरीणबाई. मग त्यो नंबर कसला?" त्या महिन्यात त्यांनी कागद नव्याने लिहिला.

गावात त्यांच्याबद्दल गोष्टी होत्या. चहाच्या टपरीवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं की घाटात आबांच्या डोळ्यांसमोर त्यांचा जोडीदार तारेला चिकटला, तेव्हापासून हे असं. किराणा दुकानदाराच्या गोष्टीत जोडीदाराऐवजी त्यांचा सख्खा भाऊ होता. दूध घालायला येणाऱ्या बाईंच्या मते आबा स्वतःच एकदा चिकटले होते आणि तीन दिवस काळेनिळे पडले होते. मी चार महिने या तिन्ही गोष्टी मनात धरून आबांकडे जरा हळव्या नजरेने बघत होते. शेवटी धीर करून विचारलंच, "आबा, तुमच्या हाताखाली कोण गेलं हो?"

"कोन न्हाई," आबा म्हणाले.

"कोणीच नाही?"

"सदतीस वर्सं. एक बी न्हाई. लोकास्नी त्याची ष्टोरी करता येत न्हाई, म्हनून ते एकाला मारत्यात."

माझा थोडा विरसच झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून मी बल्ब बदलताना कुरकुर केली नाही. म्हणजे तोंडाने केली नाही.

गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते त्यांना मान म्हणून मांडवाची वायरिंग दाखवायला बोलवत. मान घ्यावा, नारळ घ्यावा आणि घरी यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. आबा सगळा मांडव बंद करायला लावत, प्रत्येक जोड उघडून बघत आणि आरतीला पाऊण तास उशीर करत. एका वर्षी मंडळाने बोलावलं नाही. आबा न बोलावता गेले. पुढच्या वर्षापासून मंडळाने आरतीची वेळच पाऊण तास अलीकडची छापली, म्हणजे ती बरोबर वेळेवर व्हायला लागली.

आणि ते वास घेत. माझ्याकडे वर गॅस होता. रोज संध्याकाळी माझा स्वयंपाक आटोपला की जिन्यावर पावलं वाजत, दारापाशी थांबत, दोनदा जोरात हुंगल्याचा आवाज येई आणि पावलं परत खाली जात. दार वाजवणं नाही, बोलणं नाही. पहिल्या आठवड्यात मी घाबरले, दुसऱ्यात चिडले, पुढे पुढे तो आवाज आला नाही तर मीच उठून रेग्युलेटर तपासायला लागले.

या हुंगण्यामागे मात्र खरंच काही घडलेलं होतं. मी येण्याच्या थोडं आधी तापाच्या साथीत मावशी आजारी पडल्या, बऱ्या झाल्या, पण त्यांचा वास गेला तो गेलाच. "मोगरा न्हाई, शेण न्हाई, काय न्हाई," त्या हसून सांगत. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात वाल सोलत बसल्या होत्या आणि शेगडीची ज्योत विझून गॅस तसाच सुरू होता. आबा परसातून आले. त्यांनी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, ओरडले नाहीत, मावशींना वालाच्या सुपासकट उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं. दुपारी सिलेंडर घराबाहेर गेला. आठवड्याभरात त्यांनी कुठल्याशा बंगल्यातून काढून टाकलेली इलेक्ट्रिक शेगडी आणली, वर दोन तवे, खाली भट्टी, ती दुरुस्त केली, मीटरचा लोड वाढवून घेतला आणि मेनपासून स्वयंपाकघरापर्यंत जाड वायर ओढली. त्या शेगडीवर मावशींचा संसार पुन्हा सुरू झाला.

मी राहायला आल्यावर चार वर्षांनी, ऐन जुलैत, ती शेगडी गेली. दमट हवेने आतून खाल्ली होती. एक तवा फुटला, वायरीची टोकं जळून काळी पडली. बेडश्याला दिलेल्या त्यांच्या लेकीने नवी शेगडी पाठवली. पत्र्यासारखी चकचकीत, खोक्यातून बाहेर काढून ओट्यापाशी ठेवलेली. जोडायची तेवढी बाकी होती.

आणि तिथेच सगळं अडलं. आबांचे हात थरथरायला लागले होते.

हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मावशी त्यांना चहा अर्धाच कप देत आणि तो संपला की पुन्हा अर्धा, कारण भरलेला कप त्यांच्या हातात टिकत नसे. आबा म्हणत, "आज चा लय गरम हाय." रोजच गरम असे. टेस्टर खिशात राहिला होता, पण तो कित्येक दिवसांत बाहेर निघालेला मी पाहिला नव्हता.

शेगडीबरोबर दुकानाने जोडून देणारा माणूस पाठवला होता. चांगला पन्नाशीचा, अनुभवी गृहस्थ. त्याने पिशवी ठेवली, मेन बंद केला आणि पक्कड काढली.

"ब्लॉक कुणी घेतलाय?" आबांनी विचारलं.

"काय?"

"नंबर किती दिलाय तुमाला?"

"आबा, मेन बंद केलाय ना मी आत्ता तुमच्यासमोर. पाच मिनिटांचं काम आहे. दिवसाला असली आठ करतो."

"आठ करता म्हनून तर इचारतो. मेनपाशी कोन उबं हाय?"

कोणीच उभं नव्हतं. मावशी शेतावर गेल्या होत्या, मी शाळेत निघाले होते. आबांनी त्याला समजावलं, वही दाखवली, नंबरांचा कागद दाखवला. तो माणूस हसला. वाईट हसला असं नाही, आपण म्हाताऱ्या माणसाला हसतो तसं हसला. आबांनी त्याला चहा पाजला, लेकीने पाठवलेला लाडू दिला आणि परत पाठवला. "चांगला मानूस हाय," संध्याकाळी मला म्हणाले, "पर फार दिस जगायचा न्हाई." तो माणूस अजून ठणठणीत आहे, मागच्या महिन्यात मला बाजारात भेटला.

एकोणीस दिवस मावशी स्वयंपाकघराशिवाय होत्या. स्टेशनजवळच्या खाणावळीतून डबा यायचा. चुलीपुढे बसायला त्यांचे गुडघे नव्हते. मी म्हटलं, वर माझ्याकडे करा, तर आबा गॅसजवळ जाऊ देत नव्हते, आणि मी करून देते म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "पोरी, तुजं तू खातीस त्येच लय हाय." माझ्या स्वयंपाकाबद्दल यापेक्षा नेमकं कोणी बोललेलं नाही. डबा उघडला की मावशी त्यातली भाजी चमच्याने हलवून बघत आणि आबांच्या ताटात वाढत. स्वतः दोन घास खात.

शेवटी लेकीचा फोन आला. फोन मावशींच्या हातात, पण आवाज जिन्यापर्यंत येत होता. "आई, ह्या रविवारपत्तुर शेगडी चालू झाली न्हाई तर मी सांजच्याला जीप घिऊन येते. कपडे भरून ठिवा. दोघंबी हितंच ऱ्हावा. कुलूप लावू घराला." मुलगी प्रेमाची, तिचं काही चुकत नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ त्या चकचकीत शेगडीवरचं फडकं नीट करत उभ्या राहिल्या. "लेकीच्या घरी पाव्हनी म्हनून जायाचं असतं," मला म्हणाल्या. "कुलूप लावून न्हाई."

शनिवारी आबांनी प्रयत्न केला. मावशी मेनपाशी, आबा ओट्यापाशी. मी जिन्यातून बघत होते, आणि बघायला नको होतं असं आजही वाटतं. शेगडीच्या मागे वायरी पकडणारे तीन छोटे स्क्रू असतात. पहिला आबांच्या बोटांतून सुटून खाली पडला. ते म्हणाले, "स्क्रू हलका हाय." दुसऱ्यांदा पडला तेव्हा उजेड कमी होता. तिसऱ्यांदा चष्मा बदलायला हवा होता. चौथ्यांदा त्यांनी तो शोधला नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने उठून पडवीत आले, मावशींना नंबर दिला आणि वहीत "काम अपूर्ण" लिहिलं. मावशी आत गेल्या, जमिनीवर बसल्या आणि हाताने चाचपून चारही वेळा पडलेला तो एकच स्क्रू शोधून डबीत ठेवला.

रविवारी सकाळी चहा झाला. दोन अर्धे कप. मी जिन्यावर वह्या तपासत बसले होते. मावशी बाहेर आल्या, पदर खोचलेला, कमरेला पक्कड.

"मला ब्लॉक पायजे," त्या म्हणाल्या.

आबांनी वर पाहिलं. "कुनाला?"

"मला."

"कशापायी?"

"शेगडी जोडायची हाय."

आता आबा घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. निदान "तुला जमंल का" एवढं तरी म्हणतील. त्यांनी ते म्हटलं नाही. खिळ्यावरची वही काढली, मांडीवर उघडली.

"किती टाइम लागंल?"

"पाऊन तास."

"एक तासाचा घे. घाईत काम करायचं न्हाई. नाव?"

"अवं, नाव काय इचारता?"

"वहीत लिवायचंय. काम करनारानं आपलं नाव सांगायचं असतं."

मावशींनी स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव सांगितलं, मधलं गाळलं.

"पूरं नाव," आबा म्हणाले.

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. मधलं नाव आबांचंच होतं, आणि ते मावशींनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं असेल असं मला वाटत नाही. चार वर्षांत मी "अवं" आणि "ऐकलं का" याशिवाय काही ऐकलं नव्हतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि पदरातून पूर्ण नाव सांगितलं. आबांनी ते सावकाश लिहून घेतलं. अक्षर हललेलं होतं. मावशी तेवढा वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होत्या.

मग आबा मेनपाशी गेले. दांडा त्यांनी दोन हातांनी खाली ओढला, लाल फडकं बांधलं, कागद बघितला. "सदुसष्ट."

"सदुसष्ट," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला बॅटरी धरायचं काम मिळालं. मावशींनी आधी तारांना तपासणीचा बल्ब लावून बघितला. मग मला म्हणाल्या, "आता जा, पलीकडच्या खोलीचं बटन दाब, तितं पन अंधार हाय का बग." मी बघून आले. मग त्यांनी जळलेली टोकं वीतभर कापून टाकली, आतलं तांबं लालसर स्वच्छ निघालं. साल काढली, तारा पिळल्या. पन्नास वर्षं या बाईने आबांना हत्यारं दिली होती, उजेड धरला होता आणि मेनपाशी उभं राहून दूध उतू जाऊ दिलं होतं. एकदाही आपल्याला हे येतं असं म्हटलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि मनातल्या मनात थोडा रागही आला. कुणाचा, ते मला ठरवता आलं नाही.

"हिरवी लांब ठेव!" पडवीतून आवाज आला.

"ठेवलीय!" मावशी ओरडल्या, आणि मला हळू म्हणाल्या, "हिरवी बोटभर जादा ठेवायची. कवा वायर वढली गेली तर लाल-काळी आदी निघाली पायजे, हिरवी सगळ्यात शेवटी. ती अर्थिंगची, जीव वाचिवती." स्क्रू बसले. प्रत्येक तार त्यांनी ओढून बघितली, पुन्हा पिळली, पुन्हा ओढली. मागचं झाकण लागलं. हत्यारं पिशवीत गेली, मला मोजायला लावली. सात. पुरी सात.

आणि तेवढ्यात शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, "मावशे, अगं म्हशी शिरल्या तुज्या रोपात!"

आवणीला, म्हणजे लावणीला, आलेली भाताची रोपं म्हणजे वर्षाचं पोट. मावशी परसदारातून गेल्या त्या तशाच, अनवाणी. फोन ओट्यावर, नंबर तोंडात.

मी पडवीत येऊन आबांना सांगितलं, "झालं काम. टाका स्विच."

"ती कुटं हाय?"

"शेतात. रोपात म्हशी शिरल्यात."

"आली की टाकू."

अर्धा तास गेला. शेजारची बाई सांगून गेली की मावशींनी म्हशी हाकलल्या आणि आता त्या त्यांच्या मालकाच्या घरी, पलीकडच्या वाडीत, भांडायला निघाल्यात. हे भांडण पाच मिनिटांचं नसणार हे मलाही कळत होतं. आबा मेनपाशी उभे होते. एक हात खांबाला, दुसरा लाल फडक्यावर.

"आबा, मी स्वतः बघितलंय. झाकण लागलंय, हत्यारं मोजलीत, तिथे चिटपाखरू नाही."

"तुमी बगितलं. ब्लॉक तुमी घेतला व्हता का?"

"नाही. पण मी सांगतेय ना!"

"त्या दुकानाच्या मानसानं पन सांगितलं व्हतं."

मी खुर्ची आणून ठेवली. आबा बसले नाहीत. "बसलो की डोळा लागतो." पाणी दिलं, ते प्यायले, अर्धं शर्टावर सांडलं. तास झाला. त्यांची जेवणाची वेळ टळली, गोळीची वेळ टळली, मी गोळी आणून तोंडात घातली. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "आबा, हा हट्ट आहे. मावशी इथून कोसभर लांब आहेत. मेन चालू केला तर त्यांना काय होणार आहे?"

आबा माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, ती आजवर कितीदा हितं उबी ऱ्हायली, म्या मोजलं न्हाई. येकदा बी माज्या नंबराबिगर तिनं हात हलिवला न्हाई. येकदा घरातच काम चाललं व्हतं, तवर रेल्वेनं निरोप धाडला, लगोलग घाटात या. मी तसाच गेलतो, नंबर द्यायचा ऱ्हाऊन. सांजेला आलो तर ही हितंच, लेक काखेत झोपल्याली."

मग खुर्चीवर मीच बसले आणि त्यांच्याबरोबर थांबले. त्यांचे पायही आता हलायला लागले होते. मला भीती वाटत होती की हा माणूस इथेच पडेल, आणि तरी त्यांना आत चला म्हणायची माझी आता हिंमत नव्हती.

मावशी आल्या त्या बोलतच आल्या. म्हशीवाल्याच्या सगळ्या घराण्याची हजेरी घेऊन झाली होती, उरलेली त्या रस्त्यात घेत होत्या. अंगणातल्या नळावर त्यांनी पाय धुतले, हात धुतले, पदराला कोरडे पुसले, तोंड चालूच. मग त्यांनी पडवीकडे पाहिलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "मी नंबर द्यायची इसरले."

आबा रागावले नाहीत. "सांग."

"सदुसष्ट."

"मानसं?"

"बाजूला."

"हत्यारं?"

"सात. पिशवीत."

"सदुसष्ट. ब्लॉक रद्द." त्यांनी फडकं सोडलं. ते सोडायलाच बराच वेळ लागला. मग त्यांनी दांड्याकडे हात नेला आणि तो हात हवेतच हलत राहिला, खांद्यापासून. पहिल्यांदाच त्यांनी तो आमच्यापासून लपवला नाही. खाली घेतला आणि बाजूला सरकले.

"तूच टाक," ते म्हणाले. "काम तुजं हाय."

मावशी पायरी चढून आल्या. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग दांड्याकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माजं हात वलं हायेत," त्या म्हणाल्या. "वल्या हातानं मेनला शिवायचं नसतं."

हात कोरडे होते. पुसताना मी पाहिले होते, आबांनीही पाहिले होते. आबा मावशींकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं.

आबांनी दांड्याला दोन्ही हात लावले. एकदा घसरले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला दांडा खटकन वर गेला.

"आला का सप्लाय?" आबांनी विचारलं. आवाज चांगला खणखणीत होता.

मावशी आत गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं.

"आला!" त्या आतून ओरडल्या. "लेक जीप घिऊन येतीय, तिचा बी भात टाकते!"